आल्हा-ऊदल : लग्नाच्या मांडवातली लढाई

महाराष्ट्रातून भोपाळला पाहुणे आले की आम्ही त्यांना भीमबेटका दाखवतो, सांचीला नेतो, संध्याकाळी मोठ्या तलावाच्या काठी फिरवून आणतो. एक गोष्ट मात्र दाखवायची राहून जाते, कारण ती दाखवता येत नाही. ती ऐकावी लागते, आणि तीही पावसाळ्यात. ती म्हणजे आल्हा.

आमच्या मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं होतं की, युरोपात मध्ययुगात शूर सरदार, त्यांचं प्रेम आणि त्यांचा मान यांच्या कथांची एक मोठी परंपरा होऊन गेली. राजा आर्थर, लान्सलॉट, रोलाँ वगैरे. तर आपल्या भागात असं काही आहे का? प्रश्न छान होता. उत्तर तिथल्या तिथे थोडक्यात दिलं, पण ते पुरं पडलं नाही. म्हणून हा लेख.

आपल्या भागात असं आहे, आणि भरपूर आहे. भोपाळच्या पूर्वेला विदिशा, सागर ओलांडलं की बुंदेलखंड लागतो. तिथली आल्हा ही गाथा बुंदेली, कनौजी, अवधी, भोजपुरी अशा अनेक बोलींमध्ये गायली जाते. तिच्यात शौर्य आहे, प्रेम आहे आणि मान तर ओतप्रोत आहे. पण ती युरोपातल्या कथांसारखीही नाही आणि आपल्या पोवाड्यासारखीही नाही. फरक नेमका कुठे पडतो, तेच मला सांगायचं आहे.

गोष्ट थोडक्यात

महोब्याचा चंदेल राजा परमाल. त्याच्या पदरी बनाफर घराण्यातले दोन भाऊ होते, दस्सराज आणि बच्छराज. माडौगढचा राजपुत्र करिया रात्री झोपेत त्यांना पकडतो, मारतो आणि नऊ लाखांचा हार लुटून नेतो. दोघांची मुंडकी माडौला वडाच्या झाडाला टांगली जातात. दस्सराजाची मुलं म्हणजे आल्हा आणि ऊदल; ऊदल तर बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला. बच्छराजाचा मुलगा मलखान. राणी मल्हना या पोरांना आपल्या मुलासारखं, ब्रह्माबरोबरच वाढवते.

राणीचा सख्खा भाऊ माहिल हा या गाथेतला शकुनी. बारा वर्षांच्या ऊदलला तोच टोमणा मारतो की, एवढा वीर असशील तर बापाची कवटी अजून झाडाला कशी लटकते आहे? इथून पहिली लढाई पेटते. मुलं जोगी बनून, वाद्यं घेऊन माडौत शिरतात आणि सूड घेतात. मग एकामागून एक लढाया. बावन्न लढाया, असं गाणारे मोजून सांगतात. शेवटी दिल्लीच्या पृथ्वीराजाशी युद्ध होतं आणि त्यात जवळजवळ सगळेच संपतात. आल्हा तेवढा उरतो आणि कजरी वनात निघून जातो. लोकांच्या लेखी तो अमर आहे. मैहरच्या शारदामातेच्या देवळात पहाटे दार उघडण्याआधीच कुणीतरी पूजा करून गेलेलं असतं, तो आल्हाच, असं तिथे आजही सांगतात.

ही गाथा गाणाऱ्याला अल्हैत म्हणतात. ढोलक, मंजिरा आणि खणखणीत गळा एवढीच सामग्री. एकतीस मात्रांची ओळ, सोळावर थांबा, मग पंधरा. सुरुवात संथ असते, पण लढाई तोंडावर आली की लय चढत जाते. गाण्याचे दिवस आषाढ-श्रावणाचे, पावसाने शेतकरी घरी अडकलेला असतो तेव्हाचे.

दगड काय सांगतो

इतिहासाच्या बाजूने पाहायचं तर ललितपूर जिल्ह्यात मदनपूर नावाचं गाव आहे. तिथल्या मंदिराच्या खांबावर विक्रम संवत १२३९ चा, म्हणजे इसवी सन ११८२-८३ चा छोटासा लेख आहे. सोमेश्वराचा मुलगा पृथ्वीराज याने जेजाकभुक्ती, म्हणजे आजचा बुंदेलखंड, उद्ध्वस्त केला असं त्यात म्हटलं आहे. चंदेल राजा परमर्दी हाही खरा. गाथेतला परमाल तो हाच.

इथवर दगड आणि गाथा हातात हात घालून चालतात, पुढे वाटा फुटतात. गाथेत महोबा संपतो. प्रत्यक्षात परमर्दी त्यानंतरही सुमारे वीस वर्षं राज्यावर होता, आणि त्याचा शेवट १२०२ साली, कुतुबुद्दीन ऐबकाने कालिंजरला घातलेल्या वेढ्याच्या वेळी झाला. गाथेतलं माडौगढ म्हणजे आपलं मांडू असं मानतात. पण बाराव्या शतकात मांडू परमारांच्या मुलखात होतं, आणि गाथेतला माडौचा राजा जंबै हे नाव परमारांच्या वंशावळीत सापडत नाही. मदनपूरच्या लेखात आल्हाचं नाव नाही, ऊदलचंही नाही.

मग गाथा खोटी का? असं लगेच ठरवू नये. युरोपातलंच उदाहरण घ्या. ७७८ साली शार्लमेनचं सैन्य स्पेनमधून परतत असताना पिरेनीज पर्वताच्या खिंडीत त्याच्या पिछाडीवर बास्क लोकांनी हल्ला केला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड याने पडलेल्यांमध्ये रोलाँचं नाव नोंदवलं, तेही एकदाच, ओझरतं. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी जे फ्रेंच महाकाव्य तयार झालं, त्यात रोलाँ नायक झाला आणि बास्क हल्लेखोरांच्या जागी मुसलमान फौज आली. तीनशे वर्षांत गोष्टीने शत्रूच बदलला, कारण ऐकणाऱ्यांचा शत्रू बदलला होता. म्हणजे गाथेतून घटनेपेक्षा ऐकणाऱ्यांचं मन जास्त कळतं. आल्हाकडेही मी तसंच पाहतो.

लग्न की लढाई?

बावन्न लढायांची यादी पाहिली की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. यातल्या कितीतरी लढाया लग्नाच्या आहेत. आल्हाचं लग्न नैनागढच्या सोनवाशी, ऊदलचं नरवरच्या फुलवाशी, मलखानचं पथरीगढच्या गजमोतिनशी, ब्रह्माचं दिल्लीच्या बेलाशी. आणि प्रत्येक लग्न म्हणजे युद्ध. वरात वेशीवर पोचली की मुलीचा बाप फौज घेऊन समोर उभा राहतो. ती हरली तर मग तोंडदेखलं स्वागत होतं, आणि मांडवात फेरे चालू असताना प्रत्येक फेऱ्याला मुलीचा एकेक भाऊ नवऱ्यावर तलवार उपसतो. नवरा फेरे घेतोय आणि त्याचे भाऊ वार अडवतायत, असा तो देखावा. नैनागढ म्हणजे गंगेकाठचा चुनारचा किल्ला असं मानतात, आणि तिथे 'सोनवा मंडप' नावाची वास्तू आजही दाखवली जाते.

हे असं का? याचं उत्तर गाथेतच आहे. बनाफर घराणं 'ओछं', म्हणजे हलक्या कुळाचं, हा टोमणा गाथाभर त्यांचा पाठलाग करतो. काही पाठांमध्ये आल्हा-ऊदलची आई अहीर, म्हणजे गवळ्याच्या घरची आहे. झुंजणाऱ्या रेड्यांना शिंगं धरून बाजूला करणाऱ्या दोन बहिणी पाहून दस्सराज आणि बच्छराज थक्क झाले आणि त्यांनी त्यांच्याशीच लग्न केलं. अशा शूर बायकांच्या पोटी शूर मुलं झाली. पण मोठ्या घराण्यांच्या नजरेत ती मुलं कुळाने उणीच राहिली. तलवार चालवायला बनाफर हवेत, मुलगी द्यायला नकोत.

आता त्या मांडवाकडे पुन्हा बघा. ती लढाई मुलीसाठी नाही. मुलगी बहुतेक वेळा राजीच असते. काही पाठांत तर सोनवा पोपटाबरोबर स्वतःच पत्र धाडते. लढाई आहे ती 'आम्हांला बरोबरीचे म्हणा' या एका मागणीसाठी. आपल्याकडे लग्नात मानपानावरून रुसवेफुगवे होतात, ते पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये. फरक एवढाच की महोब्याच्या वरातीत रुसवा तलवारीपर्यंत जातो.

बिजमा

या मानाची किंमत कोण मोजतं, हेही गाथा लपवत नाही. माडौच्या लढाईत जोगी बनून आलेल्या ऊदलवर करियाची बहीण बिजमा भाळते. तो तिला लग्नाचं वचन देतो आणि ती त्याला किल्ल्याची गुपितं सांगते. माडौ पडतं. आता वचन पाळायची वेळ येते, तर घरचे आडवे येतात. शत्रूची मुलगी घरात आणली तर एक दिवस ती बापाचा सूड घेईल. प्रचलित पाठात मलखान तिला ठार करतो. मरताना ती सांगते की मी नरवरला फुलवा म्हणून पुन्हा जन्माला येईन. ऊदलला पुढे लढून जिंकावी लागते ती हीच फुलवा.

हा प्रसंग पहिल्यांदा कळला तेव्हा मला धक्का बसला होता. विजयाच्या जल्लोषात गाथा ही गोष्ट सहज गाळू शकली असती, पण तिने ती गाळली नाही. उलट पुनर्जन्म घडवून ते कर्ज ऊदलच्या खात्यावर ठेवलं. गाणाऱ्यांना आपल्या नायकांचा अभिमान होता, पण त्यांनी नायकांना निर्दोष ठरवलं नाही. शेवटच्या युद्धातही तेच होतं. पृथ्वीराजाची मुलगी बेला हिचा नवरा ब्रह्मा तिच्याच भावाच्या, ताहरच्या कपटाने घायाळ होतो. बेला पुरुषवेश करून ताहरचं मुंडकं आणते आणि मग सती जाते. तिच्या चितेभोवती जे युद्ध होतं, त्यात दोन्हीकडचे वीर संपतात. जो मान मिळवायला बावन्न लढाया केल्या, तो घ्यायला मागे कुणी उरत नाही.

लान्सलॉट, तानाजी आणि ऊदल

आता त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाकडे वळतो. महोब्यावर पृथ्वीराज चालून गेला, साधारण त्याच दशकांत फ्रान्समध्ये क्रेत्यँ द त्रुआ नावाचा कवी लान्सलॉटची कथा रचत होता. शाँपान्यची सरदारीण मारी हिच्या आश्रयाने त्याने ती लिहिली. तिच्यात एक गाजलेला प्रसंग आहे. राणीच्या शोधात निघालेल्या लान्सलॉटला गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत बसावं लागतं. बसलं तर बेअब्रू, न बसलं तर राणीचा माग सुटतो. तो दोन पावलं घुटमळतो आणि बसतो. पुढे राणी त्याच्यावर रुसते, ती गाडीत बसला म्हणून नव्हे, तर दोन पावलं घुटमळला म्हणून! तिथे प्रेम मानाच्या वर आहे, निदान कवीने आणि त्याच्या आश्रयदातीने ते वर ठेवलं आहे.

आपल्या पोवाड्यात काय आहे? तानाजीचं उदाहरण तर घराघरात ठाऊक आहे. १६७० साली सिंहगड घेतला गेला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी घरचं लग्न, मुलाचं, रायबाचं लग्न, बाजूला ठेवून गडावर जातो. लग्न हे घरचं कार्य, गड हे स्वामीचं कार्य, आणि स्वामीचं कार्य आधी. इथे मान आहे तो धन्याशी आणि राज्याशी असलेल्या इमानाचा.

तिन्ही कथा शेजारी ठेवल्या की फरक आपोआप दिसतो. लान्सलॉट प्रेमासाठी मान सोडतो. तानाजी राज्यासाठी लग्न सोडतो. ऊदलला काहीच सोडता येत नाही, कारण त्याचं लग्न हीच लढाई आहे. लान्सलॉट राजपुत्र आहे. त्याच्याकडे मान आधीपासून आहे, म्हणून तो सोडू शकतो. तानाजीच्या मागे शिवाजी महाराज उभे आहेत, नवं राज्य उभं राहतंय. बनाफरांच्या मागे उभा आहे परमाल, कानाचा हलका राजा. माहिलच्या सांगण्यावरून तो त्यांचे घोडे मागतो आणि ते महोबा सोडून कनौजला जयचंदाकडे निघून जातात. पुढे महोब्यावर संकट आलं की त्यांची मनधरणी करायला जगनिकाला धाडावं लागतं, आणि आई देवलदे मुलांची कानउघाडणी करते तेव्हा कुठे ते परततात. राजाने मान राखला नाही म्हणून रुसलेले आणि मातीच्या हाकेला तरी ओ देणारे असे हे वीर आहेत. श्रावणात पडवीत बसून गाथा ऐकणाऱ्या शेतकऱ्याला, शिपायाला, गवळ्याला हे दुःख परकं नव्हतं.

एक गंमत आणखी. पृथ्वीराज रासोत नायक असलेला पृथ्वीराज इथे प्रतिपक्षात आहे. एकच माणूस अजमेर-दिल्लीकडे नायक, महोब्याकडे वैरी. आणि बनाफरांचा जिवाभावाचा साथी कोण, तर बनारसचा ताला सय्यद. या गाथेला आजच्या साच्यात बसवायला निघालात तर ती बसत नाही.

मराठ्यांचा बुंदेलखंड

काहींना वाटेल की हे सगळं बुंदेल्यांचं, आपण मराठी माणसांनी यात का पडावं? तर आपण त्यात केव्हाच पडलो आहोत. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला पहिला बाजीराव धावून गेला ते जैतपूर आजच्या महोबा जिल्ह्यातच आहे. त्यानंतर राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना मिळाला, गोविंदपंत खेर कारभारासाठी तिकडे गेले आणि 'बुंदेले' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. सागर, झाशी, जालौन इथल्या मराठी वस्तीची मुळं या काळातली. भोपाळातल्या मराठी घरांपैकी काहींची वाटही त्या बाजूने आलेली आहे.

आणि या मातीने एका मराठी बाईला आपल्या गाण्यात घेतलं, ती झाशीची राणी. सुभद्राकुमारी चौहान यांची राणीवरची हिंदी कविता सर्वांनी शाळेत ऐकलेली असते. ही कहाणी आपण बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, असं श्रेय त्या कवितेतच देतात. हरबोले म्हणजे गावोगाव वीरगाथा गात फिरणारे लोक. दुसरीकडे, वेढ्याच्या वेळी झाशीत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिलेलं 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवलं. ते पुस्तक चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं. एकीकडे हरबोल्यांची राणी, दुसरीकडे गोडसे भटजींची राणी. भटजींच्या पुस्तकात भूक आहे, जाळपोळ आहे, पाण्याचे हाल आहेत. गाण्यात तेज आहे. आपल्याला दोन्ही हवीत. पण एकाच्या जागी दुसरं ठेवून चालणार नाही.

तोंडातून कागदावर

आल्हाचा कर्ता जगनिक मानतात, तोच गाथेतला दूत. पण बाराव्या शतकातली त्याची पोथी कुणाच्या हाती नाही. गाथा तोंडी चालत आली. १८६० च्या दशकात फर्रुखाबादचे कलेक्टर चार्ल्स इलियट यांनी अल्हैतांकडून ती उतरवून घेऊन छापवली. विल्यम वॉटरफील्ड यांनी तिच्या मोठ्या भागाचं इंग्रजीत पद्य भाषांतर केलं आणि जॉर्ज ग्रियर्सन यांनी उरलेल्या भागाचा सारांश जोडून ते १९२३ साली प्रसिद्ध केलं. आपल्याकडेही असंच झालं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. त्या दोघांनी ते काम केलं नसतं तर कित्येक पोवाडे शाहिरांबरोबरच गेले असते.

छापण्याने गाथा वाचली हे खरं, पण तिचा स्वभावही बदलला. तोंडी गाथेत प्रत्येक अल्हैताचा माडौ थोडा वेगळा असतो. समोर कोण बसलंय ते पाहून एखादा प्रसंग लांबतो, एखादा गळतो. छापलं की एक पाठ 'बरोबर' ठरतो आणि बाकीचे 'चुकीचे'. मग लोक छापील पाठाला इतिहास समजून भांडायला लागतात. आल्हाची जात कोणती, पृथ्वीराजाचा अपमान झाला का, असे वाद होतात. अल्हैताला विचारलंत तर तो म्हणेल, बसा, आधी ऐकून घ्या.

आपली कमलापती

हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहिलं, कारण भोपाळकडे स्वतःची अशीच एक गाथा आहे आणि ती सध्या नेमकी या वळणावर उभी आहे. राणी कमलापतीची गोष्ट. गिन्नौरगढचा गोंड राजा निजामशाह याला नात्यातल्याच माणसाने विष देऊन मारलं. त्याची राणी कमलापती मुलाला, नवलशाहला, घेऊन भोपाळच्या तलावाकाठच्या महालात आली. सूड घेण्यासाठी तिने दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराची मदत मागितली, एक लाख रुपये कबूल केले. काम झालं, रक्कम पुरी देता आली नाही, म्हणून भोपाळ गाव दिलं. इथपर्यंत बहुतेक सांगणारे सारखं सांगतात.

पुढे दोन वाटा फुटतात. एका कथेत राणीने खानाला राखी बांधली आहे आणि त्याने भावाचं नातं निभावलं. दुसऱ्या कथेत खानाला राणी हवी होती. नवलशाह लढला आणि पडला, तिथली माती रक्ताने लाल झाली म्हणून लालघाटी, आणि राणीने तलावात देह ठेवला. लहानपणी मी शेजारच्या दोन घरांत या दोन्ही कथा ऐकल्या आहेत, आणि दोन्ही घरं आपलीच खरी म्हणायची.

इथे आल्हाकडून शिकलेले तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. घटना केव्हाची? गोष्ट केव्हा सांगितली गेली? कोणी, कोणाला सांगितली? घटना अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातली. दोस्त मोहम्मद खान १७२८ मध्ये वारला. सांगणारे मात्र नवाबी काळातलेही आहेत आणि आजचेही. राखीची कथा अशा शहराला हवी होती जिथे दोन समाज एका तलावाचं पाणी पीत होते. आत्मार्पणाची कथा अशांना हवी होती ज्यांचं राज्य हातचं गेलं आणि ज्यांच्या राणीचा मान तरी राखायचा होता. दोन्हींत माणसांची खरी गरज दिसते. आल्हातल्यासारखाच इथेही मुद्दा मानाचाच आहे. राणीने भोपाळ *दिलं* की तिच्याकडून *गेलं*?

हेही लक्षात घ्या की डिसेंबर १७३७ मध्ये याच भोपाळजवळ बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा इथे तह होऊन माळवा मराठ्यांकडे आला. हिंदुस्थानच्या राजकारणात ही घटना कमलापतीच्या कहाणीपेक्षा कितीतरी मोठी. पण भोपाळच्या ओट्यांवर तिची गाथा मी कधी ऐकली नाही. मोठी घटना दप्तरात जाते. ज्या घटनेत कुणाचा तरी मान तुटलेला राहतो, ती लोकांच्या तोंडी राहते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हबीबगंज स्टेशनला राणी कमलापतीचं नाव मिळालं. तिचा महाल आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. नाव मोठं झालं, याचा आनंद आहे. पण फलकावर जागा थोडी असते, तिथे एकच कथा मावते. जी फलकावर चढते ती 'बरोबर' होते आणि शेजारच्या घरातली दुसरी कथा दोन पिढ्यांत विसरली जाते. आल्हाचं छापखान्यामुळे झालं, कमलापतीचं फलकामुळे होऊ शकतं.

एकाच गोष्टीला दोन कथा असण्याचं भोपाळला वावडं नाही, याचा पुरावा दर श्रावणात रस्त्यावर दिसतो. नागपंचमीनंतर द्रोणांत गहू पेरायचे आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते कोवळे अंकुर, म्हणजे भुजरिया, पाण्यात सोडायचे, ही इकडची जुनी रीत. महोब्यात ती कीरतसागर तलावाशी आणि आल्हाशी जोडली आहे. ऐन त्या सणाला पृथ्वीराज चालून आला, आणि ऊदल जोगी होऊन लढायला परतला. तिथे त्या दिवशी कजली मेळा भरतो. भोपाळात मात्र त्या दिवशी जुन्या शहरातून किन्नर समाजाची भुजरियांची मिरवणूक निघते, आणि तिच्यामागे सांगतात ती कथा वेगळीच आहे, दुष्काळात पावसासाठी केलेल्या प्रार्थनेची. अंकुर तेच, कथा दोन. त्यावरून कुणी भांडत नाही. लोक भुजरिया देतात, घेतात, डोक्याला लावतात.

म्हणून सभासदांना आणि हे वाचणाऱ्या सर्वांना एक विनंती. तुमच्या घरी आजी-आजोबा, शेजारचे चाचा, कामाला येणाऱ्या मावशी कमलापतीची गोष्ट कशी सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. सुधारू नका, जुळवू नका. सांगणाऱ्याचं गाव, वय, आणि त्यांनी ती कोणाकडून ऐकली, एवढं शेजारी नोंदवा. हिंदी, बुंदेली, उर्दू, मराठी, कुठल्याही भाषेत चालेल. श्रावणात सागर-छतरपूरकडे जाणं झालं आणि कुठे आल्हा चाललेला असला, तर गाणाऱ्याच्या परवानगीने तोही ध्वनिमुद्रित करा आणि गावाचं नाव टिपा. आलेल्या सगळ्या कथा मंडळ एकाखाली एक ठेवणार आहे. कोणती खरी, हे त्यांच्या डोक्यावर लिहिणार नाही.